मॅकग्रेगर (आडनाव)

मॅकग्रेगर हे स्कॉटलंडच्या हायलँड्स या डोंगराळ मुलखातले गेलिक भाषेतील आडनाव. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, म्हणून मॅकग्रेगर म्हणजे ‘ग्रेगरचा मुलगा’. या नावावर दोनदा कायद्याने बंदी आली. ते लावणे हा एके काळी देहदंडाचा गुन्हा होता. त्यामुळे आडनावाचा इतिहास शोधताना जिथे हे नाव सापडते तिथे पाहावे लागतेच, पण जिथून ते नाहीसे झाले तिथेही तितकेच बारकाईने पाहावे लागते.

व्युत्पत्ती : ग्रेगर हे लॅटिन ‘ग्रेगोरियस’चे गेलिक वळण. त्याच्यामागे ग्रीक शब्द आहे. अर्थ ‘जागा असलेला, सावध’. हा ग्रीक शब्द आणि संस्कृत ‘जागृ’ हा धातू एकाच इंडो-युरोपीय मुळातून आले आहेत. आपले जागर, जागरण आणि कोजागरी हे शब्द या आडनावाचे लांबचे नातेवाईकच म्हणायचे. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. त्यावरून ‘कळप राखणारा’ असा अर्थ काही ठिकाणी दिलेला दिसतो. तो केवळ ध्वनिसाम्यावर बेतलेला आहे, व्युत्पत्तीला धरून नाही. पोप पहिला ग्रेगरी (कारकीर्द ५९०–६०४) याच्यामुळे हे नाव ख्रिस्ती युरोपभर रुजले.

गेलिकमध्ये ‘मॅक’ फक्त पुरुषांसाठी वापरतात. मुलीच्या नावापुढे ‘निक’ लागते. इंग्रजीत नोंदी करणाऱ्या कारकुनांनी हा भेद पुसून सगळ्यांना ‘मॅक’ करून टाकले. इंग्रजीत ‘मॅक’ पूर्ण (Mac) लिहिले तर स्कॉटिश आणि लघुरूप (Mc) लिहिले तर आयरिश, ही समजूत निराधार आहे. एकाच माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक रूप आणि लग्नाच्या नोंदीत दुसरे, असे सर्रास आढळते. आज लघुरूपच जास्त चालते.

मूळ मुलूख : अर्गाइल आणि पर्थशर यांच्या सीमेवरची ग्लेनऑर्की, ग्लेनस्ट्रे आणि ग्लेनलायन ही खोरी हा या कुळाचा गाभा. ‘राजवंश हे माझे कूळ’ असे त्यांचे ब्रीदवाक्य आहे. नवव्या शतकातील राजा केनेथ मॅकाल्पिन याच्या भावापासून आपण आलो, अशी परंपरागत कथा ते सांगतात. तिला समकालीन पुरावा नाही. ग्लेनऑर्कीची मालकी कँबेल घराण्याकडे गेली आणि पुढे हे घराणे बळावत गेले. जमिनीचे कागद नसलेले मॅकग्रेगर आपल्याच खोऱ्यांत उपरे ठरले. ‘धुक्याची लेकरे’ हे त्यांचे टोपणनाव त्या परागंदा जिण्यातून आले.

नावावरील बंदी : ७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन फ्रूइन येथे मॅकग्रेगरांनी लस या गावच्या कहून कुळाचा मोठा पराभव केला. इंग्लंडची गादी स्वीकारण्यासाठी एडिंबरो सोडण्याच्या दोनच दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ रोजी, राजा सहावा जेम्स याच्या प्रिव्ही कौन्सिलने (सल्लागार मंडळाने) मॅकग्रेगर हे नावच रद्द केले. कुळातील प्रत्येकाने दुसरे आडनाव घ्यावे; त्याने किंवा त्याच्या वंशजांनी पुन्हा ग्रेगर वा मॅकग्रेगर म्हणवून घेतल्यास देहदंड, असा तो हुकूम. कुळाचा प्रमुख ग्लेनस्ट्रेचा अलास्टर याला जानेवारी १६०४ मध्ये फाशी दिले. १६१३ मध्ये आणखी आवळणी झाली. पूर्वी हे नाव लावणाऱ्या माणसांनी चारापेक्षा जास्त संख्येने एकत्र जमायचे नाही. जवळ हत्यार बाळगायचे नाही. चालेल तो फक्त जेवणात मांस कापायचा सुरा, तोही टोक नसलेला. एका आडनावाची धास्ती राज्यकर्त्यांनी किती घेतली होती, ते या बोथट सुऱ्यावरून कळते. १६३३ च्या कायद्याने पाद्र्यांना मुलाचे नाव ग्रेगर ठेवण्यास आणि दस्त लिहिणाऱ्यांना या नावाने करार करण्यास मनाई केली.

दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये बंदी उठवली. १६९३ मध्ये तिसऱ्या विल्यमच्या राजवटीत ती परत लागू झाली आणि १७७४ मध्ये कायमची गेली. पहिली ५८ आणि दुसरी ८१ अशी एकूण १३९ वर्षे. हा निव्वळ अन्याय होता. काही शेकडा लढवय्यांच्या कृत्याची शिक्षा न जन्मलेल्या मुलांनाही भोगावी लागली.

या काळात लोकांनी जवळच्या जमीनदाराचे, आश्रयदात्याचे किंवा आईकडचे आडनाव घेतले : कँबेल, ड्रमंड, स्ट्युअर्ट, ग्रॅहॅम, ग्रँट, मरे. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रॉब रॉय मॅकग्रेगर (१६७१–१७३४) याचे. त्याची आई मार्गारेट कँबेल, म्हणून तोही कागदोपत्री कँबेल झाला. त्याच्या नावातला ‘रॉय’ म्हणजे गेलिक ‘रुआ’, तांबड्या केसांचा. बंगाली रॉयशी त्याचा संबंध नाही. ॲबर्डीनकडच्या विद्वान ग्रेगरी घराण्यानेही आपले मूळ मॅकग्रेगरच असल्याचे सांगितले. त्यातील गणिती जेम्स ग्रेगरी (१६३८–१६७५) भारतीय वाचकाला ‘माधव–ग्रेगरी श्रेणी’मुळे ओळखीचा असेल.

बंदीनंतर : बंदी उठल्यावर ८२६ मॅकग्रेगरांनी सह्या करून लॅनरिकच्या जॉन मरे यांना कुळप्रमुख मानले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात अधिकारी होते. त्यांचा मुलगा इव्हन याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आला. तिसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात, २७ फेब्रुवारी १८१८ रोजी, तापीकाठच्या थाळनेर किल्ल्याच्या दरवाजात झालेल्या झटापटीत तो गंभीर जखमी झाला. तेव्हा त्याचे आडनाव मॅकग्रेगर मरे असे लिहिले जाई. खानदेशच्या इतिहासात ‘कर्नल मरे’ म्हणून जो येतो तो हाच. १८२२ मध्ये राजाच्या परवान्याने घराण्याने मॅकग्रेगर हे आडनाव पुन्हा धारण केले. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा स्कॉटलंडच्या राजचिन्हांच्या रक्षणाचा मान याच कुळाला मिळाला.

प्रसार : पर्थशर आणि स्टर्लिंग परिसरात हे आडनाव आजही दाट आहे. स्थलांतरामुळे ते कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेत पोचले. स्कॉटलंडमधल्या पर्थमध्ये १९७१ साली जन्मलेला अभिनेता यूअन मॅकग्रेगर, आयरिश मिश्र युद्धकला (एमएमए) खेळाडू कॉनर मॅकग्रेगर आणि ‘एक्स’ व ‘वाय’ सिद्धांत मांडणारे व्यवस्थापनतज्ज्ञ डग्लस मॅकग्रेगर ही ठळक नावे.

वंशशोध : आधी घरातल्या कागदांवरून १८५५ पर्यंत मागे जावे. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्या पहिल्या वर्षीच्या जन्मनोंदीत आईवडिलांचे वय, जन्मस्थळ आणि आधीच्या अपत्यांची संख्याही आहे. कारकुनांना हे काम झेपेना म्हणून पुढच्याच वर्षी हे रकाने गळाले. १८५५ चा दाखला हाती लागला तर तो आधी काढावा. मृत्युनोंदीत मृताच्या आईचे माहेरचे आडनाव येते. मात्र माहिती देणारा जावई किंवा शेजारी असेल तर ते चुकलेले असू शकते.

त्यामागे १८५४ पर्यंतच्या जुन्या पॅरिश (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) नोंदवह्या. त्यांतील सर्वांत जुनी १५५३ ची असली तरी हायलँड्समधल्या अनेक वह्या फार उशिरा सुरू होतात. ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर शोधताना ‘एम’ अक्षरानंतर तारांकन आणि पुढे ‘ग्रेगर’ असे टाकावे, म्हणजे ‘मॅक’ची सगळी रूपे एकदम येतात. ‘ग्रिगर’ हे रूप वेगळे तपासावे. १७७४ पूर्वी माग तुटला तर त्याच पॅरिशमध्ये, त्याच वाडीत, तीच नावे असलेले कँबेल, ड्रमंड, मरे शोधावेत. येथे नामकरणाचा रिवाज मदतीला येतो : थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, तिसऱ्याला वडिलांचे नाव. रिवाज नेहमी पाळला जात नसे, म्हणून तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये.

सर्वांत जास्त घोटाळा उलट दिशेने होतो. कुळाशी जोडलेल्या उपआडनावांच्या याद्या दुकानांत मिळतात. त्यांत ‘ग्रेग’ किंवा ‘ग्रेगसन’ दिसले की लोक स्वतःला मॅकग्रेगर ठरवतात. ग्रेगर हे वैयक्तिक नाव स्कॉटलंडभर होते, त्यामुळे ही आडनावे कुठेही स्वतंत्रपणे तयार होऊ शकतात. कँबेलांतही बंदीमुळे कँबेल झालेल्या मॅकग्रेगरांपेक्षा मूळचे कँबेलच कितीतरी जास्त. शंका राहिली तर पुरुषवंशाची वाय-गुणसूत्र चाचणी उपयोगी पडते, पण गुणसूत्रावरच्या ३७ खुणा (मार्कर) तपासणारी चाचणी फक्त दिशा दाखवते. जवळच्या शाखा वेगळ्या करायला १११ खुणांची लागते. चाचणी घराण्यातल्या पुरुषानेच द्यावी, कारण वाय गुणसूत्र मुलीकडे जात नाही.