चिपळूणहून अर्ध्या दिवसात कोळकेवाडी: परवानगी कोणाची, अर्ज कसा, कागद कुठले

दिवाळी झाली की पाव्हणे येतात आणि गुहागरचा समुद्र बघून झाला की विचारतात, अजून काय आहे जवळ. मग कोणीतरी म्हणतं चला कोळकेवाडीला, धरण बघू, आणि गाडी काढून सगळे गेटपर्यंत जातात, तिथे वॉचमन अडवतो, मग "आम्ही लोकलच आहोत हो" वगैरे सुरू होतं. वॉचमनचं काही चुकत नाही. कागद असेल तर तो सोडणार, नसेल तर नाही, तुम्ही लोकल असा नाहीतर मुंबईचे असा.

आधी जागा समजून घ्या म्हणजे परवानगीचा घोळ होत नाही. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणतात, पोफळीच्या बाजूच्या भूमिगत वीजगृहांत त्यावर वीज तयार होते, आणि तिथून सुटलेलं पाणी, ज्याला आपण अवजल म्हणतो, ते कोळकेवाडीच्या जलाशयात साठतं. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधल्या घळीत तळं, असं ते रूप आहे. हे धरण 1975 चं. इथून पाणी परत एकदा खाली सोडून तिसऱ्या टप्प्याची वीज होते, 80 मेगावॅटचे चार संच, आणि मग ते वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे हे काही नुसतं पाटबंधाऱ्याचं तळं नाही, चालू वीजप्रकल्पाचा भाग आहे, त्यामुळे सिक्युरिटी कडक असते आणि ती असायलाच हवी.

आता मुख्य मुद्दा. तळं लांबून, सार्वजनिक रस्त्यावरून बघायला अर्ज-बिर्ज काही लागत नाही. परवानगी लागते ती कुंपणाच्या आत पाऊल टाकायला. धरणाची भिंत, तिच्या आतली गॅलरी, वीजगृह, बोगद्याचं तोंड, स्विचयार्ड (तयार वीज तारांवर चढवायचं आवार) हे सगळं प्रतिबंधित. म्हणून घरी बसूनच ठरवा की नुसतं पाणी आणि डोंगर बघायचेत की आतलं काम बघायचंय. दहातल्या नऊ फॅमिलींना पहिलंच हवं असतं आणि त्या उगाच परवानगीच्या मागे लागतात, तसं करू नका.

आतलं बघायचं असेल तर ऑफिसं दोन आहेत आणि इथेच लोक गोंधळतात. धरण जलसंपदा विभागाचं, वीजगृह चालवते महानिर्मिती, म्हणजे राज्य सरकारची वीजनिर्मिती कंपनी. भिंत बघायची तर अर्ज जलसंपदाच्या कार्यकारी अभियंत्याच्या नावे, वीजगृह बघायचं तर महानिर्मितीच्या पोफळी ऑफिसला मुख्य अभियंत्याच्या नावे, दोन्ही बघायचं तर दोन वेगळे अर्ज. एकाची परवानगी दुसऱ्याच्या गेटवर दाखवून उपयोग नाही. भिंत नेमकी कुठल्या विभागाकडे आहे ते अलोऱ्याच्या कॉलनीत किंवा चिपळूणच्या पाटबंधारे ऑफिसात विचारा, तिथला शिपाईसुद्धा बरोबर टेबल दाखवतो.

पात्रता म्हणाल तर सरळ सांगतो, "सहज फिरायला आलोय" या कारणावर परवानगीची आशा धरू नका. इंजिनिअरिंगचे, डिप्लोमाचे, आयटीआयचे विद्यार्थी, शाळेची शैक्षणिक सहल, अभ्यासक, एखादी संस्था, यांचा अर्ज उभा राहतो कारण त्यांच्याकडे कारण असतं आणि लेटरहेड असतं. ग्रुपमध्ये कोणी परदेशी पासपोर्टवाला असेल, अगदी आपलाच अमेरिकेतला भाचा असला तरी, ते अर्जात स्पष्ट लिहा, लपवू नका, कारण त्याची तपासणी वेगळी होते आणि गेटवर कळलं तर सगळ्यांचंच अडतं.

अर्ज साधा असावा, पानभर कौतुक नको. साधारण असा: "विषय: कोळकेवाडी धरण पाहण्यासाठी परवानगी मिळणेबाबत. महोदय, आमच्या संस्थेतील स्थापत्य शाखेच्या तृतीय वर्षाचे विद्यार्थी व दोन शिक्षक अभ्यासक्रमाचा भाग म्हणून सदर धरणास भेट देऊ इच्छितात. सोबत नावांची यादी व ओळखपत्रांच्या छायांकित प्रती जोडल्या आहेत. भेटीदरम्यान सुरक्षेच्या सर्व सूचनांचे पालन केले जाईल. तरी परवानगी मिळावी ही विनंती." खाली सही, शिक्का, मोबाईल नंबर. तारीख एकच देऊ नका, दोन द्या, कारण साहेब दौऱ्यावर असले किंवा त्या दिवशी काही मेंटेनन्स निघालं तर परत पहिल्यापासून सुरुवात.

सोबत जोडायचं ते म्हणजे प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता असलेली यादी, आधार किंवा दुसऱ्या सरकारी ओळखपत्राची स्वसाक्षांकित झेरॉक्स, विद्यार्थी असतील तर कॉलेजचं आयकार्ड, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव. ड्रायव्हर हमखास विसरतात, आणि मग तो बिचारा गेटबाहेर गाडीत बसून राहतो. यादीतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे, घरातलं हाकेचं नाव लिहू नका.

अर्ज ईमेलने पाठवला तरी एक हार्ड कॉपी घेऊन आवक-जावकला जा. दोन प्रती न्यायच्या, एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. हा क्रमांक फार कामाचा, नंतर फोन केल्यावर "कुठला अर्ज?" हा प्रश्न येतो तेव्हा नंबर सांगितला की टपालाच्या रजिस्टरात लगेच सापडतं, नाहीतर तुम्ही नाव सांगताय आणि ते पानं उलटताहेत. निदान दोन-तीन आठवडे हातात ठेवून अर्ज टाका. आणि परवानगीचं पत्र आलं की मूळ पत्र बरोबर घ्या, मोबाईलमधल्या फोटोवर वॉचमन ऐकेलच असं नाही.

आत गेल्यावर फोटो, व्हिडिओ, रील बंद. ड्रोन तर घरीच ठेवा. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही हे खरंय, पण त्याचा अर्थ कुठेही उडवा असा होत नाही.

शाळेची सहल असेल तर धरणाच्या अर्जाआधी शिक्षण विभागाची परवानगी. फेब्रुवारी 2016 मध्ये रायगडमधल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाण्याच्या ठिकाणी सहल म्हटलं की शिक्षणाधिकारी बारीक बघतात, आणि बघावंच. पालकांची लेखी संमती प्रत्येक मुलाची, मुली असतील तर बरोबर महिला शिक्षक, फर्स्ट एड, आणि पाण्यात उतरणार नाही असं लिहून द्या. गाडी एसटीचीच घ्या, प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने मिळते आणि शालेय सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांची यादी आणि सहलीची मंजुरी घेऊन आगार व्यवस्थापकाला भेटायचं. सहलींच्या सीझनला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, गाड्यांची मारामारी असते, त्यामुळे आधी बोलून ठेवा.

घरच्या लोकांना साध्या एसटीने जायचं तर चिपळूणहून पोफळी, अलोरे बाजूच्या गाड्या आहेत, बहादूरशेख नाक्यावरूनही मिळतात. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं आणि 75 च्या पुढच्यांना फुकट. आजी-आजोबांचं आधार किंवा जन्मतारीख असलेलं ओळखपत्र खिशात हवं, घरी कपाटात असून चालत नाही. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगावंच लागेल. धबधबे, धरणं, तलाव अशा ठिकाणी जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढू शकतात, पूर्वी ते कलम 144 खाली निघायचे, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यातलं कलम 163. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होतो आणि त्या काळात तुमचं परवानगीचं पत्रही कामाचं नाही असं समजा. निघायच्या आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाचं पेज बघा किंवा पोलिस ठाण्यात फोन करा. चिपळूणकरांना जुलै 2021 चा पूर आठवत असेलच, त्यानंतर वाशिष्ठीच्या पाण्याशी खेळायची हिंमत आमच्याकडे तरी कोणी करत नाही.

आणि पावसाळा नसला तरी काठावर उतरू नका. इथलं पाणी पावसावर नाही, विजेच्या मागणीवर चालतं, संच सुरू-बंद होतात तसं तळं वरखाली होतं, खाली नदीपात्रात तर कोरडा दिसणारा कातळ बघता बघता पाण्याखाली जातो. सकाळी आठला चिपळूण सोडलं तर वीसेक किलोमीटरचा रस्ता, बघून, डबा खाऊन दुपारी दीड-दोनला परत. त्याच दिवशी चोरवणेमार्गे नागेश्वर (डोंगरावरचं गुहेतलं शंकराचं देऊळ) पण करू असा प्लॅन कोणी मांडला तर तिथेच थांबवा, ते कोयना अभयारण्याच्या हद्दीत येतं, त्याची परवानगी वनविभागाची आणि चढून-उतरून यायलाच पूर्ण दिवस लागतो.