सम तारीख, विषम तारीख आणि शुक्राणूचे पाच दिवस

परवा भाचीकडे गेले होते. स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर 14, 16, 18 या तारखांना लाल पेनाने गोल केलेले दिसले. दूधवाल्याचा हिशोब असेल असं वाटलं. विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "सासूबाईंनी केलेत, मावशी. सम तारखेला मुलगा राहतो म्हणतात."

घरात तिघं पदवीधर. मला राग आला, आणि वाईटही वाटलं, कारण खरी हकीकत या समजुतीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

समजा, 14 तारखेला संबंध आला आणि स्त्रीबीज सुटलं 17 तारखेला. गर्भ राहणार तो 17 तारखेला. मग सम धरायची की विषम? शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र जेमतेम 12 ते 24 तास. अमेरिकेत 221 स्त्रियांच्या पाळीच्या नोंदी ठेवून केलेला अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतल्या संबंधांतूनच गर्भ राहिलेले आढळले.

एका वेळी काही कोटी शुक्राणू आत जातात. योनीतल्या आम्लात बहुतेक काही तासांत मरतात. बीज सुटायच्या सुमारास गर्भाशयमुखाचा स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, तार धरणारा होतो. त्यातून जे निसटतात ते वाचतात. बीजवाहिनीत, म्हणजे जिथे बीजाशी गाठ पडते त्या नळीत, पोचतात फार तर काही शे.

आणि इथे शर्यतीचं ते प्रसिद्ध चित्र खोटं ठरतं. पहिला पोचलेला जिंकत नाही, कारण ताज्या शुक्राणूला फलन करताच येत नाही! लोणचं घातल्या दिवशी खात नाहीत, मुरावं लागतं, तसंच हे. 1951 साली अमेरिकेत चँग आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांना, एकमेकांना नकळत, हे उमगलं. मादीच्या शरीरात काही तास राहिल्याशिवाय शुक्राणू बीजात शिरत नव्हते. या मुरण्याला कपॅसिटेशन म्हणतात.

त्यात काय होतं? वीर्यातून आलेला प्रथिनांचा लेप आधी सुटतो. मग आजूबाजूच्या द्रवातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन शुक्राणूच्या पटलातलं, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणातलं, कोलेस्टेरॉल ओढून घेतं आणि ताठर पटल सैल होतं. बायकार्बोनेट आत शिरतं, त्याने एक विकर (एन्झाइम) जागं होऊन सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, त्यातून प्रथिनांवर फॉस्फेट चढतात. पेशीतलं आम्ल कमी झालं की शेपटीवरच्या कॅटस्पर नावाच्या दारांतून कॅल्शियम आत येतं. बीजाभोवतीच्या पेशींमधून झिरपणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक हीच दारं आणखी उघडतं. इतका वेळ शेपटी संथ लयीत हलत होती, ती आता चाबकासारखी फटकारे मारू लागते. बीजाभोवतीचं जाड कवच भेदायला हाच जोर लागतो.

गंमत पुढेच आहे. मुरलेला शुक्राणू काही तासच कामाचा असतो आणि ती अवस्था त्याला पुन्हा मिळत नाही. सगळे एकदम मुरले असते तर उशिरा आलेल्या बीजाला कुणीच भेटलं नसतं. पण कुठल्याही क्षणी थोडेच तयार असतात, बाकीचे मागून तयार होत राहतात. पाच दिवसांच्या मुदतीला अर्थ येतो तो या पाळीपाळीने तयार होण्यामुळे. हे कळलं म्हणून काचेच्या बशीतलं फलन जमलं: 1978 साली इंग्लंडमध्ये जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, जन्मली आणि 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली.

मुलगा की मुलगी, हे आत शिरणाऱ्या शुक्राणूत वाय गुणसूत्र आहे की एक्स यावर ठरतं. त्याला तारीख ठाऊक नसते. आणि दोष मात्र सुनेच्या माथी मारतात, जिच्या बीजात नेहमी एक्सच असतं! मुलासाठी पुड्या विकणाऱ्यांना तर दारातही उभं करू नये.

भाचीला हे सगळं कागदावर काढून दाखवलं. तिने विचारलं, "मग मी कुठल्या तारखा बघू?" तिची पाळी नियमित, 28 दिवसांची. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून 9 ते 14 या दिवसांखाली आम्ही पेन्सिलीने एक सलग रेघ ओढली. सम-विषम दोन्ही आले त्यात.