बॅटरीपेटीचे वायुवीजन, घरगुती सौर

घरगुती सौर संचातील बॅटरी (संचायक घटमाला) ज्या पेटीत, कपाटात किंवा खोलीत ठेवलेली असते, तेथील वायू व उष्णता बाहेर जाऊन ताजी हवा आत येत राहावी यासाठी केलेली योजना. शिसे-अम्ल बॅटरीच्या बाबतीत हायड्रोजन साचू न देणे हा तिचा मुख्य हेतू असतो, तर लिथियम बॅटरीच्या बाबतीत उष्णतेचे निवारण. दोहोंना एकच नियम लावला जातो, आणि पुष्कळसा घोळ तेथूनच सुरू होतो. [→ विद्युत् घट, सौर ऊर्जा].

वायुनिर्मिती : शिसे-अम्ल घटाचा विद्युत् दाब चार्जिंगच्या अखेरच्या टप्प्यात सु. २·४ व्होल्टपर्यंत (१२ व्होल्टच्या बॅटरीत सु. १४·४ व्होल्टपर्यंत) चढला, की प्रवाहाचा वाढता हिस्सा पट्टिकांवर न खर्चता पाण्याचे विघटन करू लागतो. ऋण पट्टिकेवर हायड्रोजन आणि धन पट्टिकेवर ऑक्सिजन सुटतो. व्यवहारात यालाच ‘बॅटरी उकळते’ असे म्हणतात. बुचाला कान लावला तर सोड्याच्या बाटलीसारखी बारीक सरसर ऐकू येते, पण तिचा उष्णतेने उकळण्याशी संबंध नसतो.

सुटणाऱ्या वायूचे माप फॅराडे यांच्या १८३४ मधील नियमांवरून निघते. जादा चार्जिंगच्या प्रत्येक अँपिअर-तासामागे एका घटातून ०° से. ला सु. ०·४२ लिटर हायड्रोजन व ०·२१ लिटर ऑक्सिजन निघतो आणि सु. ०·३४ ग्रॅम पाणी खर्ची पडते. हाच हिशेब उलटा केल्यास अधिक बोलका होतो. बॅटरीत वर्षभरात भरलेल्या प्रत्येक लिटर डिस्टिल्ड पाण्यामागे (बाष्पीभवनाने गेलेला भाग सोडून) सु. १,२५० लिटर हायड्रोजन त्या जागेतून गेलेला असतो. ‘आमची बॅटरी फार पाणी खाते’ ही तक्रार वायुवीजनाच्या दृष्टीने तक्रार नसून मोजमापच आहे.

हायड्रोजनाबरोबर अम्लाचे सूक्ष्म तुषारही उडतात. टर्मिनलवर साचणारा पांढरट-हिरवट थर हे त्यांचेच काम. पट्टिकांच्या जाळीत अँटिमनी वा आर्सेनिक असल्यास अतिचार्जिंगमध्ये स्टिबीन व आर्सीन हे विषारी वायू अल्प प्रमाणात सुटू शकतात. हायड्रोजनाला स्वतःचा वास नसतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइडाचा, म्हणजे घट तापून बिघडत असल्याचा समजावा. अशा वेळी आधी दारे-खिडक्या उघडाव्यात. पेटीलगतचे बटण किंवा बॅटरीच्या तारा चाचपू नयेत. चार्जिंग बॅटरीपासून दूर असलेल्या स्विचवरून तोडावे.

स्फोटमर्यादेचा प्रश्न : हवेत हायड्रोजनाचे प्रमाण सु. ४ टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. वरची मर्यादा सु. ७५ टक्के आहे. ठिणगीसाठी लागणारी ऊर्जा अत्यल्प, सु. ०·०२ मिलिजूल, म्हणजे अंगावरच्या स्थिरविद्युतेनेही भागेल इतकी असते. संदर्भग्रंथांत सर्वत्र दिसणारा ४ टक्के हा आकडा मुख्यतः अमेरिकेच्या खाण विभागाच्या प्रयोगपरंपरेतून आला असून १९५२ मध्ये कॉवर्ड व जोन्स यांनी केलेले संकलन त्याचा सामान्य आधार मानले जाते. मात्र ही मर्यादा ज्योत वरच्या दिशेने चढण्याची आहे. ज्योत खाली उतरण्यासाठी सु. ९ टक्के हायड्रोजन लागतो. ४ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान ज्वलन अपुरे होते व दाब फारसा वाढत नाही. या आधारावर ४ टक्के ही मर्यादा फाजील सावध आहे, असे म्हणता येईल. पण बंद पेटीत वायू एकसारखा पसरलेला नसतो. सरासरी ४ टक्के असताना बुचाजवळ तो कितीतरी अधिक असतो, हे लक्षात घेता ही सवलत घरात घेण्याजोगी नाही.

सुरक्षा-संकेतांमध्ये (नियमावल्यांत) मात्र ४, २ आणि १ टक्का अशा तीन मर्यादा आढळतात. यूरोपीय मानक (ईएन ५०२७२-२ व पुढे आयईसी ६२४८५-२) ४ टक्क्यांचा आधार घेते. अमेरिकी विद्युत् अभियंत्यांच्या जुन्या शिफारशींत २ टक्के, तर अग्निशमन संकेतांत ज्वलनमर्यादेचा चौथा हिस्सा म्हणजे १ टक्का आढळतो. वरवर पाहता हा मोठा मतभेद वाटतो आणि तसाच तो अनेकदा मांडलाही जातो. तथापि यूरोपीय सूत्राची फोड केली की तो बराच विरतो. ते सूत्र असे :

लागणारी हवा (घ. मी. प्रतितास) = ०·०५ × घटसंख्या × वायुप्रवाह, म्हणजे वायू निर्माण करणारा विद्युत् प्रवाह (मिलिअँपिअर प्रति अँपिअर-तास) × क्षमता (अँपिअर-तास) ÷ १,०००

यातील ०·०५ हा अंक तीन गोष्टींचा गुणाकार आहे : हायड्रोजन ४ टक्क्यांवर आणण्यासाठी लागणारी २४ पट हवा, प्रति अँपिअर-तास ०·०००४२ घ. मी. हायड्रोजन आणि ५ हा सुरक्षा-गुणक. म्हणजे नाव ४ टक्क्यांचे असले, तरी प्रत्यक्षात हवा १२० पट दिली जाते व हायड्रोजनाची सरासरी सु. ०·८ टक्क्यावर राहते. ४०° से. तापमानाला वायू प्रसरण पावतो हे धरूनही ती १ टक्क्याच्या आतच येते. तेव्हा ४ टक्केवाले आणि १ टक्कावाले शेवटी जवळजवळ तितकीच हवा मागतात. पंचाईत होते ती ४ टक्क्यांचा आकडा घेऊन सुरक्षा-गुणक विसरणाऱ्याची.

सूत्रातील वायुप्रवाहाचे मूल्य बॅटरीच्या प्रकारावर ठरते. कमी अँटिमनीच्या, पाणी भरावे लागणाऱ्या शिसे-अम्ल घटासाठी ते फ्लोट चार्जिंगला (भरलेली बॅटरी भरलेली राखणाऱ्या मंद चार्जिंगला) ५ व बूस्टला (चढ्या दाबाच्या जोरदार चार्जिंगला) २०. झडपबंद (व्हीआरएलए, म्हणजे दाब वाढला तरच उघडणारी झडप असलेल्या) घटासाठी अनुक्रमे १ व ८. निकेल-कॅडमियमसाठी ५ व ५० धरतात. सौर बॅटरी रोज दुपारी बूस्टच्या पातळीला जाते. त्यामुळे फ्लोटचे मूल्य घेणे सौर संचात चूक ठरते. दूरध्वनी केंद्रातील बॅटरी महिनोन्‌महिने फ्लोटवर असते, तिचे कोष्टक घरी उतरवू नये.

उदाहरणार्थ, १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या चार ट्युब्युलर (नळीदार पट्टिकांच्या, पाणी भरावे लागणाऱ्या) बॅटऱ्या घेतल्या तर प्रत्येकी ६ प्रमाणे २४ घट होतात. ०·०५ × २४ × २० × १५० ÷ १,००० = ३·६ घ. मी. प्रतितास. नैसर्गिक वायुवीजनात झरोक्यातील हवेचा वेग सेकंदाला ०·१ मी. धरतात, त्यावरून झरोक्याचे क्षेत्र (चौ. सेंमी.) = २८ × हवा, म्हणजे येथे सु. १०० चौ. सेंमी. येते. दहा बाय दहा सेंटिमीटरचा एक झरोका आत येणाऱ्या हवेसाठी आणि तेवढाच दुसरा बाहेर जाणाऱ्या हवेसाठी लागतो. एकाच बॅटरीला सु. २५ चौ. सेंमी. पुरतात. आकडे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण गरज अगदी थोडी आहे. पण हे क्षेत्र मोकळे हवे. डासांची जाळी आणि तिच्यावरची धूळ जमेस धरून भोक त्याच्या दुप्पट ठेवणे बरे.

झरोक्यांची जागा : हायड्रोजन हवेपेक्षा सु. चौदा पट हलका असल्याने तो छताशी साचतो, असे सामान्यतः लिहिले जाते. याउलट, एकदा हवेत मिसळलेला हायड्रोजन पुन्हा वेगळा होऊन वर जात नाही, म्हणून झरोक्याची उंची गौण होय, असाही युक्तिवाद केला जातो. भौतिकीच्या दृष्टीने दुसरे विधान बरोबर आहे. पण बॅटरीपेटीत वायू संथपणे, मिसळण्याआधीच उष्ण हवेबरोबर वर चढतो आणि झाकणाच्या खोबणीत किंवा दोन तुळयांमधल्या खणात अडकतो. त्यामुळे बाहेर जाण्याचा झरोका पेटीच्या अगदी सर्वोच्च बिंदूला आणि आत येण्याचा समोरच्या बाजूस तळाशी, ही जुनीच पद्धत ग्राह्य ठरते. झाकण उतरते ठेवून उंच कडेला झरोका दिल्यास आणखी उत्तम. खोलीत दोन्ही झरोके एकाच भिंतीत घ्यावे लागले, तर त्यांच्यात किमान २ मी. अंतर ठेवतात. बाहेर जाणारा झरोका घराबाहेरच उघडावा. जिन्याखालच्या कपाटातून दिवाणखान्यात उघडणारी जाळी म्हणजे वायुवीजन नव्हे.

पंखा लावायचा तर तो आत येणाऱ्या हवेच्या बाजूस बसवून हवा ढकलतात, म्हणजे मोटारीवरून हायड्रोजन जात नाही. पंखा बंद पडल्यास चार्जिंग थांबेल अशी जोडणीही हवी.

बुचालगतच्या हवेत मात्र कितीही वायुवीजन केले तरी प्रमाण जास्तच राहते. म्हणून ठिणगी उडू शकणारी साधने काही अंतरावर ठेवण्याचा नियम आहे. वरच्या उदाहरणातील घटासाठी हे अंतर सु. ४० सेंमी. येते. आपल्याकडे सर्रास दिसणारी इन्व्हर्टर ट्रॉली या नियमाच्या नेमकी उलट रचलेली असते : खालच्या कप्प्यात बॅटरी आणि तिच्या बुचांच्या वर वीतभर अंतरावर रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) व पंखा असलेला इन्व्हर्टर. तो पंखा बॅटरीवरची अम्लयुक्त हवाच ओढून घेतो. चार-पाच वर्षांनी असा इन्व्हर्टर उघडला तर तळाचे स्क्रू आणि पत्रा प्रथम गंजलेले आढळतात.

इतिहास : फ्रेंच शास्त्रज्ञ प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल घट तयार केला आणि १८८१ मध्ये फोर यांनी लेप दिलेली पट्टिका आणली. त्याच वर्षी सेलन यांनी जाळीसाठी शिसे-अँटिमनी मिश्रधातू सुचविला. तो मजबूत होता, पण वायुनिर्मिती वाढविणाराही निघाला. घरासाठी स्वतंत्र बॅटरीखोली हा प्रकार सु. १८८० च्या दशकात यूरोपातील श्रीमंतांच्या वाड्यांत सुरू झाला असावा. लक्सेंबर्गमधील रोस्पोर्ट येथील अभियंते आंरी ट्यूडोर यांचे घर हे त्याचे परिचित उदाहरण. अमेरिकेत १९१६ पासून विकल्या गेलेल्या ‘डेल्को-लाइट’ या ३२ व्होल्टच्या शेतघर-संचांमुळे बॅटऱ्या सामान्य कुटुंबापर्यंत गेल्या.

वायुवीजनाच्या नियमांचे मूळ पाणबुड्यांत शोधण्याचा कल दिसतो. १५ जानेवारी १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ‘ई-२’ या पाणबुडीत हायड्रोजनाचा स्फोट होऊन जीवितहानी झाली, हा त्यातील नेहमीचा दाखला. परंतु ती बॅटरी एडिसन यांच्या निकेल-लोह प्रकारची होती. शिवाय वाड्यांतील व दूरध्वनी केंद्रांतील बॅटरीखोल्या त्याआधीच्या आहेत. तेव्हा पाणबुडीने नियमांना धार आणली, मूळ पुरविले नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक. १९३५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील हेरिंग व टॉमस यांनी शिसे-कॅल्शियम मिश्रधातू पुढे आणला आणि वायुनिर्मिती पुष्कळ घटली. झडपबंद घट १९५० च्या दशकानंतरचे. ‘सीलबंद’ या नावामुळे त्यांना झरोका नको असा समज रूढ आहे. पण अतिचार्जिंगमध्ये त्यांची झडप उघडते आणि बंद पेटीत तापून ते फुगतात.

उष्णता : तापमान दर १०° से. ने वाढले की शिसे-अम्ल बॅटरीचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा आहे. अमेरिकी ग्रंथांत हाच आकडा सु. ८° से. दिला जातो. विदर्भात, जेथे मे महिन्यात पारा ४५° से. च्या आसपास जातो, तेथे झरोक्याचा आकार हायड्रोजन नव्हे, तर उष्णता ठरविते. गच्चीवर उन्हात ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीला सूत्राने काढलेला दहा सेंटिमीटरचा झरोका मुळीच पुरत नाही. तेथे सावली, पेटीवर हवेची फट सोडून दुसरा पत्रा आणि कित्येक पट मोठ्या जाळ्या लागतात. चार्जिंगचा दाब तापमानानुसार प्रति घट दर अंशाला सु. ३ मिलिव्होल्टने उतरविण्याची सोय कंट्रोलरमध्ये (चार्जिंग नियंत्रित करणाऱ्या उपकरणात) असते, पण तिची संवेदक तार बॅटरीला चिकटविलेली नसेल तर ती निरुपयोगी होय.

लिथियम बॅटरी : लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीतून नेहमीच्या वापरात वायू सुटत नाही. म्हणून वरील सूत्र तिला लागू पडत नाही. बिघाडात मात्र हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, विद्रावकांची बाष्पे आणि हायड्रोजन फ्लोराइड असे मिश्रण अल्पावधीत बाहेर पडते, व त्याला झरोके पुरे पडत नाहीत. १९ एप्रिल २०१९ रोजी ॲरिझोनातील सर्प्राइझ येथील मोठ्या संचायक केंद्रात साठलेल्या वायूचा स्फोट होऊन अग्निशमन कर्मचारी जखमी झाले. घरगुती संकेत त्यामुळे वायुवीजनापेक्षा जागेवर भर देतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे २०१९ चे मानक (एएस/एनझेडएस ५१३९) राहत्या खोल्या व जिन्याखालची जागा वर्ज्य करते, तर ब्रिटनमधील २०२४ ची पीएएस ६३१०० संहिता पोटमाळाही.

महाराष्ट्रातील स्थिती : येथे घरगुती बॅटरीचा प्रसार सौर संचामुळे नव्हे, तर भारनियमनामुळे झाला. सौर पॅनेल नंतर त्याच जिन्याखालच्या बॅटरीला जोडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतील बहुतेक संच बॅटरीविना, थेट वीजजाळ्याशी जोडलेले असतात व वीज गेली की बंद पडतात; त्यामुळे मागाहून बॅटरी बसविण्याकडे ओढा आहे. कोकणात खारी दमट हवा टर्मिनले खाते, म्हणून झरोका समुद्राकडच्या वाऱ्याला सरळ न देता पावळीखाली, खाली वळलेल्या पट्ट्यांसह देतात. जांभ्याच्या भिंतीत सोडलेली जुनी भोके या कामी सोयीची असतात, पण कुंभारमाशी त्यांत मातीचे घरटे बांधून ती बुजवून टाकते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते आणि आत बोटभर जाडीचा मातीचा गोळा असतो. दर दोन-तीन महिन्यांनी पाणी भरताना त्यात तार घालून पाहतात.