राखीव वीजपुरवठा, हौशी बांधणीच्या विमानांतील

हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेल्या विमानात मुख्य वीजस्रोत बंद पडल्यावर सुरक्षित उतरेपर्यंत आवश्यक उपकरणे चालू ठेवणारी व्यवस्था. अमेरिकेत अशी विमाने ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदवतात. बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेला असावा, ही मुख्य अट. कारखान्यात तयार होणाऱ्या विमानांचे रचनानियम त्यांना बंधनकारक नसल्याने विजेचा आराखडा बांधणाऱ्यानेच ठरवायचा असतो. भारतात अशी उदाहरणे मोजकी आहेत. मुंबईत कांदिवलीच्या एका गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या सहा आसनी विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली.

जुन्या छोट्या विमानात वीज गेली तरी फारसे अडत नसे. इंजिनातील मॅग्नेटो ठिणगीसाठी लागणारी वीज स्वतःच निर्माण करतात आणि विमानाचा तोल दाखवणारा जायरो निर्वात पंपावर फिरत असे. आता तोल, वेग, उंची, दिशा आणि इंजिनाची स्थिती एकाच पडद्यावर दिसते. अनेक बांधणारे मॅग्नेटोऐवजी बाहेरच्या विजेवर ठिणगी देणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात, काही जण इंधनही विजेवर चालणाऱ्या इंजेक्शनने देतात. अशा विमानात वीज संपली की इंजिनही थांबते. म्हणून पहिला प्रश्न बॅटरी कोणती घ्यावी हा नसून, काय चालू राहिलेच पाहिजे आणि किती वेळ, हा असतो.

याचे उत्तर भार-तालिकेतून, म्हणजे उपकरणांच्या वीजवापराच्या यादीतून मिळते. प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेते ते शक्यतो स्वतः मोजून लिहायचे. रेडिओ ऐकताना अर्धा अँपिअर पुरतो, बोलताना मात्र तो पाच-सहा अँपिअर खेचू शकतो. पिटो नळीच्या (वेग मोजणाऱ्या नळीच्या) हीटरसारखे जड भार यादीतून आधीच काढावे लागतात. समजा पडदा, रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण) आणि इग्निशन मिळून ७ अँपिअर झाले. १७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर जवळजवळ अडीच तास चालेल. पण तो आकडा वीस तासांच्या संथ वापरावर आधारलेला असतो. भार वाढला की क्षमता घटते, वयाबरोबर आणखी घटते. दीड तासाहून जास्त भरवसा ठेवू नये.

कारखान्यातील छोट्या विमानांसाठीच्या जुन्या अमेरिकी नियमात किमान ३० मिनिटांची अट होती, आणि बिघाड वैमानिकाच्या लक्षात येईपर्यंतचा वेळही त्यातच मोजला जाई. हौशी वर्तुळात याहून चांगला विचार रुजला, तो कॅन्ससचे अभियंता बॉब नकल्स यांच्यामुळे: टाकीत जितका वेळ पुरेल इतके इंधन, तितका वेळ पुरेल इतकी वीज.

त्यांनी प्रचलित केलेल्या मांडणीत आवश्यक उपकरणे ‘एन्ड्युरन्स बस’ नावाच्या वेगळ्या पट्टीवर जोडतात. एरवी तिला मुख्य बसमधून, म्हणजे बाकी उपकरणांना वीज वाटणाऱ्या पट्टीतून, एका डायोडमार्गे (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वीज मिळते. दुसरी वाट थेट बॅटरीकडून, स्वतंत्र स्विचमधून येते. आल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे जनित्र) चालू असताना विजेचा दाब १४ व्होल्टच्या थोडा वर असतो; तो १३ च्या खाली गेला की इशाऱ्याचा दिवा लागला पाहिजे. मग वैमानिक दुसरी वाट उघडतो आणि मास्टर स्विच बंद करतो. त्यामुळे मास्टर कॉन्टॅक्टरची (बॅटरी मुख्य बसला जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची) गुंडाळी खाते तो जवळजवळ एक अँपिअरही वाचतो. उलटी वाट डायोड अडवतो, म्हणून राखीव वीज मुख्य बसकडे गळत नाही. काळजीत असलेल्या माणसाला दोन स्विचमध्ये जमेल अशी ही रचना आहे, आणि तिचे खरे मोल त्यातच आहे.

निर्वात पंप काढल्यावर इंजिनावरची त्याची जागा मोकळी होते. तिथे ८ किंवा २० अँपिअरचा छोटा आल्टरनेटर बसतो. त्याचा रेग्युलेटर (दाब ठरवणारा भाग) किंचित कमी दाबावर लावला की मुख्य आल्टरनेटर बंद पडल्यावर तो आपोआप भार उचलतो. इंजिन विजेवरच अवलंबून असेल तर दुसरी बॅटरी किंवा दुसरा आल्टरनेटर टाळता येत नाही. रोटॅक्स ९१२ आयएस इंजिनात तर मुळातच दोन जनित्रे असतात.

पडद्यामागची छोटी बॅटरी वेगळ्या कामाची. स्टार्टर फिरताना दाब इतका पडतो की पडदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. ती हे टाळते आणि मुख्य यंत्रणा पूर्ण गेली तरी तोल दाखवत राहते. मात्र रेडिओ किंवा इग्निशन तिच्यावर चालेल असे गृहीत धरू नये.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी हलकी असते, पण धोका वाटल्यास तिच्यातील नियंत्रक मंडल तिला तोडून टाकते. आल्टरनेटर चालू असताना हे घडले तर दाब उसळतो. म्हणून १६ व्होल्टच्या आसपास आल्टरनेटर बंद करणारे संरक्षण हवेच.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. दोन बॅटऱ्या, दोन आल्टरनेटर बसवूनही सर्वांची परतीची तार एकाच बोल्टवर असेल, तर तो सैल होताच सारे एकदम जाते. काचतंतूच्या विमानात धातूचा सांगाडा नसल्याने परतीच्या प्रत्येक तारेची वाट स्वतः आखावी लागते.

अमेरिकेत नव्या विमानाला सुरुवातीची २५ किंवा ४० तासांची चाचणी उड्डाणे ठरावीक क्षेत्रात करावी लागत. अशा उड्डाणांत, धावपट्टीच्या आवाक्यात राहून, आल्टरनेटर बंद करून पाहावा आणि मोजलेला प्रवाह तालिकेशी ताडावा. बॅटरी दरवर्षी ठरलेल्या भारावर रिकामी करून वेळ नोंदवावी. भार-तालिकेतला वेळ भरून निघत नसेल तर ती इंजिन सहज चालू करत असली तरी बदलावी.