फळमाशीची नवी जात : ओळख आणि वर्णन

शास्त्रात आजवर नाव न मिळालेली फळमाशी सापडली, की ती वेगळी आहे हे नमुन्यांवरून सिद्ध करून तिला नाव देण्याची ही रीत. ती माशी माळावर हजारो वर्षे असेल, गुराख्याने ती रोज पाहिलीही असेल. नवी असते ती तिची नोंद.

फळमाशी म्हणजे येथे टेफ्रिटिडी कुळातली. या कुळात पाच हजारांच्या आसपास जाती आहेत. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे ड्रोसोफिलिडी या वेगळ्याच कुळातली. इंग्रजीत दोन्हींना एकच नाव असल्याने घोळ होतो. मराठीत चिलट वेगळे, माशी वेगळी.

मराठवाड्यातल्या बागांमधल्या माश्या बहुतेक जुन्या ओळखीच्या. केशर आंब्यात आणि पेरूत आळ्या पाडणारी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस १९१२ साली कीटकशास्त्रज्ञ हेंडेल यांनी वर्णिली. बोरातली कार्पोमाया व्हेसुव्हियाना, कारल्या-दोडक्यावरची झ्यूगोडॅकस कुकुर्बिटी यांनाही शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाव मिळाले. मोसंबीला भोक दिसले म्हणून लगेच माशीला दोष देऊ नये. ते रात्री येणाऱ्या रसशोषक पतंगाचेही असते, मात्र त्यात आळी सापडत नाही. नवी जात शोधायची तर बागेपेक्षा माळाकडे, अजिंठ्याच्या किंवा बालाघाटच्या डोंगराकडे वळलेले बरे. रुईच्या फळात वाढणारी डॅकस पर्सिकस, करडईच्या बोंडात वाढणारी अकॅन्थिओफिलस हेलिअँथी याच कुळातल्या; त्यांच्या रानातल्या भाईबंदांकडे कोण लक्ष देतो?

मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात काही ठरावीक जातींचे नरच येतात. १९१५ च्या सुमारास बिहारमधल्या पुसा येथे कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांना या रसायनाचे आकर्षण आढळले. बोंडात वाढणाऱ्या माश्या त्याकडे फिरकत नाहीत, आणि वर्णनाला मादीही लागते. म्हणून किडकी फळे, बोंडे आणून माशी घरी निपजवणे हा खात्रीचा मार्ग. बरणीच्या तळाशी ओलसर वाळू, वर बोरे, तोंडाला मलमलीचे फडके. पूर्ण वाढलेली आळी फळातून बाहेर पडते, अंगाची कमान करते आणि टुणकन उडी मारते. मग वाळूत शिरून कोष करते. कोषातून माशी निघाली की लगेच टाचणीला लावण्याची घाई नडते. कोवळ्या माशीचे रंग पक्के झालेले नसतात. तिला साखरपाणी देऊन चार-पाच दिवस जगवावे लागते, नाहीतर फिकट अंगाची जुनीच माशी ‘नवी’ वाटू लागते.

ओळखीत पंख आधी पाहतात. डॉर्सालिसच्या पंखाच्या पुढच्या कडेला टोकापर्यंत अखंड तपकिरी पट्टा असतो. तिच्या जवळच्या बॅक्ट्रोसेरा झोनाटा या जातीचा पट्टा मध्येच तुटतो आणि टोकाशी नुसता ठिपका उरतो. डॉर्सालिसच्या पाठीवर दोन पिवळे पट्टे, तर कुकुर्बिटीच्या पाठीवर तीन. चेहऱ्यावरचे काळे ठिपके, पोटावरची इंग्रजी ‘टी’सारखी खूणही पाहतात. पण रंग फसवतो. निवाडा बहुधा नराच्या जननांगांवर आणि मादीच्या अंडनलिकेच्या टोकावर होतो. त्यासाठी पोटाचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. डीएनए बारकोड, म्हणजे जात ओळखण्यासाठी वाचलेला डीएनएचा छोटा तुकडा, सोबत देतात, पण डॉर्सालिसच्या गोतावळ्यात तो एकटा पुरत नाही.

‘ही वेगळी दिसते’ हे सोपे. ‘ही आधी कुणी वर्णिलेली नाही’ हे अवघड. २००३ साली केनियात सापडलेल्या माशीला २००५ मध्ये बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स नाव मिळाले. तिने आफ्रिकेतल्या आंब्याची निर्यात अडवली. २०१५ मध्ये ठरले, की ती डॉर्सालिसच आहे. नाव गेले, माशी राहिली. हा किचकटपणा केवळ हौसेचा नाही: फळमाश्यांमुळेच युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्यावर बंदी घातली होती.

वर्णन छापताना एक नमुना होलोटाइप म्हणून ठरवतात; पुढे वाद झाला तर तोच साक्षीदार. नुसत्या ऑनलाइन अंकात वर्णन असेल तर २०१२ पासून त्या प्रकाशनाची झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंद लागते. भारतात जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीचे नमुने ठरवून दिलेल्या संग्रहालयात जमा करावे लागतात. ते घरच्या कपाटात ठेवून भागत नाही.

टाचणीखालच्या चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, झाड, गोळा करणाऱ्याचे नाव आणि अक्षांश-रेखांश लिहितात. नुसते ‘औरंगाबाद’ पुरत नाही, कारण बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तेव्हा जुनी चिठ्ठी वाचतानाही जपावे लागते. गावावरून नाव देताना ‘एन्सिस’ हा लॅटिन प्रत्यय लागतो. मासळीच्या पोटातल्या पट्टकृमींना सेंगा औरंगाबादेन्सिस, सेंगा पैठणेन्सिस अशी नावे इथल्या अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास दिली. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. कृमीचे तेच राहिले, कारण एकदा नियमाने छापलेले नाव गावाचे नाव बदलले म्हणून बदलता येत नाही.