साइडबार खाली का घसरायचा

वर्डप्रेस या संकेतस्थळं आणि ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच थीमच्या, म्हणजे तयार मांडण्यांच्या, सेटिंगमध्ये आज चार-पाच छोटी चौकोनी चित्रं दिसतात. साइडबार, म्हणजे लेखाशेजारची दुव्यांची आणि याद्यांची पट्टी, उजवीकडे, डावीकडे, दोन्हीकडे, किंवा अजिबात नको. हव्या त्या चित्रावर क्लिक केलं की काम झालं. याच कामात एके काळी अख्खा रविवार जायचा, आणि संध्याकाळी बघावं तर साइडबार मजकुराच्या शेजारी नसून पानाच्या तळाशी जाऊन पडलेला. तो तिथे का जायचा हे कळलं की थीममधल्या कॉलमांचा बराचसा इतिहास कळतो.

मुळात वेबला कॉलम ठाऊकच नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतून जे वेब जगासमोर आणलं ते शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांसाठी. मथळा, परिच्छेद, यादी, दुवा, सगळं एकाखाली एक. छापखान्यातला साधा जुळारीसुद्धा दोन कॉलम शेजारी-शेजारी लावून द्यायचा, पण ब्राउझरकडे ‘शेजारी’ या शब्दाला काही अर्थच नव्हता. म्हणून लोकांनी दुसऱ्याच कामाची हत्यारं उचलली.

पहिलं हत्यार टेबल. १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझरच्या १.१ आवृत्तीत टेबलं दिसू लागली आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या त्या आवृत्तीत, ती अधिकृत झाली. ती होती आकडेवारीसाठी. डिझायनरांनी मात्र अख्खं पानच एका टेबलात बसवलं: एका खणात मेनू, दुसऱ्यात मजकूर. खण आक्रसू नयेत म्हणून त्यांत एक पिक्सेलची पारदर्शक जिफ प्रतिमा ताणून ठेवायची. टेबलात टेबल, त्यात आणखी एक टेबल. रंग बदलायचा तर प्रत्येक पान उघडून बसा. नंतर या पद्धतीची भरपूर टिंगल झाली, पण तिच्यात एक गुण होता. एका ओळीतले खण आपोआप सारख्या उंचीचे होत आणि शेजार कधी सोडत नसत. हे सुख गेलं, ते परत मिळायला वीस वर्षं लागली.

दुसरं हत्यार फ्लोट. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या डिसेंबर १९९६ च्या पहिल्या शिफारशीत ते होतं, आणि त्याचं काम एवढंच की चित्र एका बाजूला सरकवायचं आणि मजकूर त्याच्या कडेने वाहू द्यायचा. टेबलांना कंटाळलेल्यांनी विचार केला, चित्राऐवजी अख्खा कॉलमच फ्लोट केला तर? मजकूर डावीकडे, साइडबार उजवीकडे. जमलं. फक्त फ्लोटचा एक नियम होता: शेजारी जागा पुरली नाही, तर खाली जायचं. चित्रांच्या बाबतीत हे अगदी शहाणपणाचं वागणं. कॉलमच्या बाबतीत मात्र एक पिक्सेल जास्त झाला तरी साइडबार तळाशी.

आणि तो एक पिक्सेल कुठून येईल याचा भरवसा नसे. विंडोजवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर ५ हा ब्राउझर खोक्याच्या कडेची आतली मोकळी जागा रुंदीतच धरायचा, ठरलेल्या नियमाप्रमाणे ती रुंदीच्या बाहेर मोजायची. २००१ मध्ये आलेला एक्स्प्लोरर ६ डावीकडे फ्लोट केलेल्या खोक्याचा डावा समास काही वेळा दुप्पट करायचा. म्हणजे फायरफॉक्समध्ये तंतोतंत बसलेली बेरीज दुसऱ्याच्या संगणकावर चुकायची, आणि ती चुकली हे तो दुसरा सांगेल तेव्हा कळायचं.

त्यात सारख्या उंचीचा प्रश्न उरलाच. साइडबारमध्ये चारच ओळी असतील तर त्याची रंगीत पार्श्वभूमी चार ओळींवर संपायची आणि खाली पांढरं भगदाड. जानेवारी २००४ मध्ये डॅन सीडरहोम यांनी यावर एक चलाख तोड लिहिली, ‘फॉक्स कॉलम्स’, म्हणजे नकली कॉलम. साइडबारला रंग द्यायचाच नाही. पानाच्या पूर्ण रुंदीची एक बुटकी प्रतिमा करायची, तिच्यातच साइडबारची पट्टी रंगवायची आणि ती वरून खाली पुन्हा पुन्हा छापत न्यायची. डोळ्यांना कॉलम दिसतो, प्रत्यक्षात तो भिंतीवर रंगवलेला दरवाजा असतो.

वर्डप्रेसमध्ये थीम ही सोय आली ती फेब्रुवारी २००५ च्या १.५ आवृत्तीत, आणि तिच्यासोबत मायकल हाइलमन यांची कुब्रिक ही डिफॉल्ट थीम. वरच्या बाजूला निळा गोलसर पट्टा असलेली ही थीम त्या काळात इतक्या ठिकाणी दिसायची की कंटाळा यावा. तिची रुंदी ७६० पिक्सेल, मजकूर ४५०, साइडबार १९०, आणि दोहोंमधली रेघ पार्श्वभूमीच्या प्रतिमेत. एकेका लेखाच्या पानावर साइडबार नसे, म्हणून त्यासाठी वेगळी प्रतिमा. साइडबार डावीकडे न्यायचा तर नुसता कोड बदलून भागत नसे, प्रतिमा संपादित करणारं सॉफ्टवेअर उघडून ती रेघ सरकवावी लागे. साइडबारमधल्या दुव्यांसाठी साइडबार.पीएचपी ही फाइल हाताने बदलायची, आणि एखादा अर्धविराम सुटला तर पांढरं पान. मे २००७ च्या २.२ आवृत्तीत विजेट, म्हणजे साइडबारमध्ये कोडशिवाय टाकायची तयार खोकी, मूळ वर्डप्रेसमध्ये आली तेव्हा हा जाच संपला.

मराठीत लिहिणाऱ्या बऱ्याच जणांची गाठ मात्र पडली ती गूगलच्या ब्लॉगर या ब्लॉग-सेवेशी, कारण ते फुकट होतं. तिथलं डग्लस बोमन यांचं मिनिमा हे टेम्प्लेट म्हणजे या सगळ्या गणिताचा जिवंत नमुना. बाहेरचं खोकं ६६० पिक्सेल, मजकूर ४१०, साइडबार २२०. ४१० आणि २२० मिळून ६३०, उरलेले ३० म्हणजे मधली फट. तिसरा कॉलम हवा असेल तर साइडबारचा तुकडा कॉपी करून त्याला नवं नाव द्यायचं, २२० मध्ये ३० ची फट मिळवायची आणि बाहेरचं खोकं ९१० करायचं. हे करून पान उघडलं की मथळा ६६० वरच अडकलेला, कारण त्याची रुंदी वेगळ्या ओळीत लिहिलेली. मथळा वाढवला की तळपट्टी अरुंद. त्याच कोडमध्ये मजकुराच्या खोक्याला शब्द तोडण्याची आणि बाहेर येणारा भाग लपवण्याची आज्ञा होती. शेजारी शेरा असा, की लांबलचक मजकुराने एक्स्प्लोररमध्ये साइडबारचा फ्लोट मोडू नये. लाखो लोकांच्या हाती जाणाऱ्या टेम्प्लेटमध्येच घसरण्याची भीती लिहून ठेवलेली होती.

आपल्या लिपीची त्यात वेगळीच गंमत. मिनिमाच्या साइडबारमधली शीर्षकं ७८ टक्के आकाराची, सगळी कॅपिटल अक्षरांत आणि अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली. इंग्रजीत ते दिसायचं झकास. देवनागरीत कॅपिटल नावाची गोष्टच नाही, त्यामुळे ती आज्ञा फुकट जायची. पण अक्षरांतली मोकळी जागा मात्र लागू पडायची आणि शिरोरेषा मध्ये-मध्ये तुटायची. ‘अनुक्रमणिका’ हे शीर्षक कुणी दात पाडल्यासारखं दिसे. उपाय एका ओळीचा, ती मोकळी जागा शून्य करायची, पण तो माहीत असायला हवा. ७८ टक्क्यांत जोडाक्षरं वाचता येईनात म्हणून अक्षर मोठं करावं, तर २२० पिक्सेलमध्ये ‘माझे आवडते दुवे’सुद्धा मोडून दोन ओळींत जायचं. थीम बनवणाऱ्याने पट्टीची रुंदी रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असते, हे तेव्हा फार जवळून कळायचं. आजही इंग्रजी थीम उचलताना मी रंग बघण्याआधी ही अक्षरांमधली जागा आणि ओळींमधलं अंतर बघतो; वेलांट्या आणि उकार एकमेकांना धडकत असतील तर कितीही देखणी थीम निरुपयोगी.

पुढचा भाग भरभर घडला. पडदे १०२४ पिक्सेलचे झाल्यावर नेथन स्मिथ यांची ९६० ग्रिड सिस्टिम ही ९६० पिक्सेल रुंदीची कॉलमांची आखणी लोकप्रिय झाली; ९६० ला बारानेही भाग जातो आणि सोळानेही, म्हणून कॉलम पाडायला तो आकडा सोयीचा. ब्लॉगरने २०१० मध्ये टेम्प्लेट डिझायनर आणला आणि रुंदी सरकपट्टीने बदलता येऊ लागली. त्याच वर्षी मे महिन्यात ईथन मार्कट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह’, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या, मांडणीचा लेख लिहिला, आणि फोनच्या पडद्यावर साइडबार मुद्दाम मजकुराच्या खाली न्यायची पद्धत पडली. जी चूक टाळण्यासाठी पिक्सेल मोजले, तीच आता थीममध्ये सोय म्हणून लिहून यायला लागली. यातून एक नवा घोळ झाला. साइडबार डावीकडे हवा म्हणून कोडमध्ये तो आधी लिहिलेला असेल, तर फोनवर वाचकाला आधी महिन्यांची यादी, दुवे, जाहिरात, आणि मग कुठे लेख. जुन्या डावीकडल्या साइडबारच्या थीम फोनवर इतक्या केविलवाण्या दिसायच्या त्या यामुळे.

मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिघांत सीएसएस ग्रिड आलं. त्याच्या आधी फ्लेक्सबॉक्स या सीएसएसच्याच मांडणीच्या पद्धतीने बरंच काम हलकं केलं होतं, पण आडवे-उभे दोन्ही खण एकदम आखायची सोय ग्रिडचीच. साइडबार २२० पिक्सेल, फट ३०, उरलेलं सगळं मजकुराला, एवढं दोन ओळींत सांगता येतं. बेरीज ब्राउझर करतो, उंची सारखी राहते, जागा कमी पडली तरी खण आपला शेजार सोडत नाही. जे टेबल फुकट देत होतं तेच, पण या वेळी मुद्दाम त्याच कामासाठी घडवलेलं.

इतकं होईपर्यंत साइडबारची हौस मात्र ओसरली होती. वाचक फोनवर गेला होता. वर्डप्रेसच्या कोडमध्ये विजेटची कुठलीही जागा नोंदवायच्या फंक्शनचं नाव मात्र ‘रजिस्टर साइडबार’च राहिलं, मग ती जागा पानात कुठेही असो. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ‘ट्वेंटी ट्वेंटी’ या डिफॉल्ट थीममध्ये मजकुराच्या शेजारी पट्टीच नाही. विजेटसाठी दोन जागा आहेत, दोन्ही पानाच्या तळाशी. कोडमधली त्यांची नावं: ‘साइडबार-१’ आणि ‘साइडबार-२’.