पूर, तांदूळ आणि सिमेंट : दोन कोरियांमधल्या मदतीची पार्श्वभूमी

दक्षिण कोरिया श्रीमंत, उत्तर कोरिया गरीब. तेव्हा पूर आला की मदत दक्षिणेतून उत्तरेकडे जाणार, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात या दोन देशांमधली पहिली मोठी पूरमदत उलट्या दिशेने गेली होती.

1984 च्या ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिणेची राजधानी सोल आणि हान नदीच्या परिसरात प्रचंड पाऊस झाला. 8 सप्टेंबरला उत्तर कोरियाच्या रेडक्रॉसने मदत देऊ केली : सुमारे 7,200 टन तांदूळ, 5 लाख मीटर कापड, 1 लाख टन सिमेंट आणि औषधे. असे प्रस्ताव दोन्हीकडून त्याआधीही आले होते. समोरचा नाकारणार हे ठाऊक असल्यामुळे ते द्यायला काही खर्च नव्हता. शिवाय 9 ऑक्टोबर 1983 ला ब्रह्मदेशातल्या रंगूनमध्ये उत्तरेच्या हस्तकांनी घडवलेल्या स्फोटात दक्षिणेचे 4 मंत्री मारले गेले होते, राष्ट्राध्यक्ष चुन डू-ह्वान थोडक्यात बचावले होते. त्या घटनेला वर्षही झालं नव्हतं.

तरीही 14 सप्टेंबरला दक्षिणेने होकार दिला. 1988 चं ऑलिंपिक सोलला होणार होतं आणि त्याआधी सीमेवर शांतता हवी होती, हे त्यामागचं मोठं कारण. कारण काहीही असो, सप्टेंबरच्या अखेरीस सीमेवरच्या पानमुनजोममार्गे ट्रक आणि इंचॉन बंदरात जहाजं येऊ लागली. त्याच नोव्हेंबरमध्ये आर्थिक वाटाघाटी सुरू झाल्या. सप्टेंबर 1985 मध्ये 1950-53 च्या कोरियन युद्धाने ताटातूट झालेल्या कुटुंबांतले दोन्हीकडचे प्रत्येकी 50 जण पलीकडे गेले आणि त्यातल्या अनेकांना तीस-पस्तीस वर्षांनी आपली माणसं भेटली. दक्षिणेला त्या तांदळाची गरज नव्हती. पण तो स्वीकारला नसता तर ही दारं उघडली नसती, असं मला ठामपणे वाटतं. या सगळ्या इतिहासात देण्याइतकंच, किंबहुना जास्त, राजकीय धैर्य घेण्याला लागलेलं दिसतं.

या व्यवहारात सरकारांऐवजी रेडक्रॉस का दिसतो, हेही समजून घ्यायला हवं. 1953 चा करार युद्धविरामाचा आहे, शांततेचा नाही, आणि दोन्ही सरकारं एकमेकांना रीतसर देश मानत नव्हती. 1971 पासून रेडक्रॉसच्या मार्गाने बोलणी आणि पानमुनजोमची थेट दूरध्वनी लाइन सुरू झाली. सरकारला जे बोलता येत नाही ते तिथून बोललं जाई.

1990 च्या दशकात चित्र पालटलं. सोव्हिएत संघ कोसळला, स्वस्त तेल आणि खत थांबलं, उत्तरेची शेती मोडली. 1995 च्या जूनमध्ये दक्षिणेने 1.5 लाख टन तांदूळ द्यायचं कबूल केलं. पण पहिल्याच जहाजाला उत्तरेच्या छोंगजिन बंदरात उत्तरेचा झेंडा लावायला भाग पाडलं गेलं आणि दक्षिणेत संतापाची लाट उसळली. उत्तरेने नंतर दिलगिरी व्यक्त केली, पण मनं कलुषित झाली ती झालीच. त्यानंतर काही आठवड्यांतच उत्तरेत महापूर आले आणि प्योंगयांगने प्रथमच जगाकडे उघडपणे मदत मागितली. पुढच्या दुष्काळात किती माणसं गेली याचे अंदाज 6 लाखांपासून 20 लाखांच्या पुढेपर्यंत जातात. मदतीची सर्वांत जास्त गरज होती नेमक्या त्याच वेळी शेजाऱ्याची सहानुभूती आटलेली होती.

दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग आणि रोह मू-ह्युन यांच्या काळात तांदूळ, खत नियमित जाऊ लागलं. 2006 मध्ये मात्र पुराची मदत आधी क्षेपणास्त्र चाचणीमुळे अडली, मग सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या अणुचाचणीनंतर पुन्हा थांबली.

2010 चं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. मार्चमध्ये दक्षिणेची चोनान ही युद्धनौका बुडून 46 नौसैनिक मरण पावले आणि मे महिन्यात दक्षिणेने त्याचा ठपका उत्तरेवर ठेवून व्यापार जवळपास बंद केला. ऑगस्टमध्ये चीनच्या सीमेवरच्या यालू नदीच्या पुराने उत्तरेचं सिनुइजू शहर बुडालं. दक्षिणेने मदत देऊ केली, तेव्हा उत्तरेने उलट सांगितलं : तांदूळ, सिमेंट आणि यंत्रसामग्री द्या. दक्षिणेने 5,000 टन तांदूळ, 10,000 टन सिमेंट आणि 30 लाख कप नूडल्स मंजूर केले. माल निघाला, पण 23 नोव्हेंबरला उत्तरेने दक्षिणेच्या योनप्योंग बेटावर तोफा डागल्या आणि उरलेलं सिमेंट दक्षिणेतच राहिलं.

तिथून पुढे वाद वस्तूंवर येऊन अडला. दक्षिणेची भीती अशी की तांदूळ लष्कराच्या कोठारात जाईल आणि सिमेंट बंकरमध्ये. म्हणून 2011 मध्ये तिने लहान मुलांचं खाणं, बिस्किटं आणि नूडल्स देऊ केले. उत्तरेने उत्तरच दिलं नाही. 2012 मध्ये पीठ, नूडल्स आणि औषधं देऊ केली, ती नाकारली गेली. दक्षिणेची भीती निराधार नव्हती. पण ज्याचं घर वाहून गेलंय त्याला नूडल्सच्या कपांपेक्षा सिमेंट लागतं, हेही तितकंच खरं. माल नेमका कुठे पोचतो हे पाहणारी माणसं सोबत पाठवता आली असती तर हा तिढा बराच सैल झाला असता; उत्तरेने परक्यांची ती देखरेख मोकळेपणाने कधीच होऊ दिली नाही.

2016 मध्ये उत्तरेत तुमेन नदीचा पूर आणि तिची पाचवी अणुचाचणी जवळजवळ एकाच वेळी आली, आणि सोलने सरकारी मदतीचा विषय बाजूला ठेवला. जुलै 2024 च्या अखेरीस सिनुइजू आणि उइजू पुन्हा पाण्याखाली गेले. 1 ऑगस्टला दक्षिणेने मदत देऊ केली, पण तो प्रस्ताव जाहीर निवेदनातून करावा लागला, कारण एप्रिल 2023 पासून उत्तरेकडे कुणी फोनच उचलत नव्हतं. उत्तरेचे नेते किम जोंग-उन यांनी बाहेरची मदत न घेता सुमारे 15,400 पूरग्रस्तांना प्योंगयांगला आणायचं ठरवलं.

याच तुटलेल्या संपर्काची झळ दक्षिणेलाही बसते. इम्जिन नदी उत्तरेतून दक्षिणेत येते. सप्टेंबर 2009 मध्ये उत्तरेच्या ह्वांगगांग धरणातून न कळवता पाणी सोडलं गेलं आणि नदीकाठी तंबू ठोकून राहिलेले 6 जण वाहून गेले. पाणी सोडण्याआधी कळवण्याचं उत्तरेने त्या ऑक्टोबरमध्ये मान्य केलं. काही वर्षं अधूनमधून सूचना आल्या, मग त्याही थांबल्या. आता दक्षिणेकडचे अधिकारी सीमेजवळच्या पुलावर पाण्याची पातळी मोजतात आणि ती 1 मीटरवर गेली की नदीकाठच्या लोकांना बाहेर काढतात.